पेटंटचे काम, यंत्राची बुद्धी आणि वैद्याची साक्ष

गेल्या पावसाळ्यात आपल्या एका जिल्हा शाखेची मासिक सभा आटोपल्यावर चहापानाच्या वेळी एक तरुण वैद्य भगिनी प्रस्तुत लेखकाशी बोलण्यासाठी थांबल्या. द्रव्यगुण विषयात पदव्युत्तर पदवी घेतल्यावर दवाखाना न थाटता त्यांनी पुण्यातील एका पेटंटविषयक सल्ला कार्यालयात नोकरी धरली होती. परदेशी कंपन्यांच्या पेटंट अर्जांत भारतीय वनौषधींचा उल्लेख आढळला की, त्या वनस्पतीचा तोच उपयोग पूर्वी कोठे नोंदला गेला आहे काय, याचा शोध घेऊन अहवाल तयार करणे हे त्यांचे काम. "सर, ज्या शोधाला मला पूर्वी चार दिवस लागत, तो आता संगणक एका दुपारी करून देतो. आमच्याकडे यंदा नवी भरती झालीच नाही. मी परत येऊन दवाखाना काढावा का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्या वेळी धीराचे चार शब्द बोलून प्रस्तुत लेखकाने वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्या व्यवसायात 'पेटंट औषध' हा शब्द सर्रास वापरला जातो आणि त्याचा पेटंटशी बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये 'पेटंट अथवा प्रोप्रायटरी' औषध अशी संज्ञा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांतील योगांमध्ये आलेलीच घटकद्रव्ये घेऊन निर्मात्याने स्वतः रचलेला कल्प, एवढाच तेथे त्या शब्दाचा अर्थ. अन्न व औषध प्रशासनाचा परवाना मिळाला म्हणजे पेटंट मिळाले असे समजणारे फार्मसीमालक प्रस्तुत लेखकाला आजही भेटतात. पेटंट अथवा एकस्व म्हणजे पेटंट अधिनियम, १९७० अन्वये नव्या शोधाला वीस वर्षांसाठी मिळणारा अनन्य अधिकार. तो कोलकाता, मुंबई, दिल्ली किंवा चेन्नई येथील पेटंट कार्यालयातून मिळतो आणि शोध खरोखर नवा असेल तरच मिळतो.

'नवा असेल तरच' या तीन शब्दांवर एक संपूर्ण व्यवसाय उभा आहे. अर्जदाराच्या वतीने अर्जाचा मसुदा व दावे लिहिणारा पेटंट एजंट, पूर्वज्ञानाचा शोध घेणारा विश्लेषक, परकीय भाषांतील कागदपत्रांचे भाषांतर करणारा, सरकारी बाजूने तपासणी करणारा परीक्षक आणि दुसऱ्याच्या अर्जाला हरकत घेणारा वकील अशी ही साखळी आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिका व युरोपातील शोधकाम मोठ्या प्रमाणावर भारतात येऊ लागले आणि नोएडा, गुडगाव, हैदराबाद, पुणे येथे विज्ञान पदवीधरांना त्यातून बऱ्यापैकी वेतनाच्या नोकऱ्या मिळाल्या. आयुर्वेदाच्या पदवीधरांना या दालनात प्रवेश मिळाला तो मात्र दोन प्रकरणांमुळे. आपल्या वाचकांना ती ढोबळमानाने ठाऊक आहेत. तरीही त्यांतील एक तपशील येथे फार महत्त्वाचा असल्याने ती पुन्हा सांगतो.

पहिले प्रकरण हळदीचे. जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर, या विषयावर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेल गावचे सुपुत्र. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही होता. १९९७ मध्ये सर्व दावे नाकारण्यात आले. येथे पुस्तक जिंकले.

दुसरे प्रकरण कडुनिंबाचे. डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये निंबतेलाच्या बुरशीनाशक वापराचे पेटंट दिले. डॉ. वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली. ग्रंथांतील उतारे येथेही होते; परंतु मे २००० मध्ये पेटंट रद्द ठरवणाऱ्या निर्णयात वजन पडले ते एका माणसाच्या साक्षीचे. पुण्यातील एका कारखानदाराने म्युनिक येथे जाऊन सांगितले की, १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर आपण याच प्रकारच्या निंबतेलाच्या चाचण्या घेतल्या होत्या. कोणत्या शेतात, कोणासमोर, काय फवारले, हे त्यांना सांगता आले. मार्च २००५ मध्ये कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. हळदीच्या प्रकरणात जे काम छापील पानाने केले, ते येथे कामाची आठवण असलेल्या माणसाने केले. हा भेद वाचकांनी ध्यानी ठेवावा. पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

या दोन लढ्यांतून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे, म्हणजे टीकेडीएलचे काम सुरू झाले. सीएसआयआर आणि त्या वेळचे भारतीय चिकित्सापद्धती खाते यांचा हा संयुक्त प्रकल्प. वैद्य, हकीम, पेटंट परीक्षक आणि संगणकतज्ज्ञ एका छताखाली बसले. श्लोकांचे शब्दशः भाषांतर न करता प्रत्येक योगाची घटकद्रव्ये, मात्रा, कल्पना व रोगाधिकार एका वर्गीकरणात बसवून तो योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी आणि स्पॅनिश भाषांत परीक्षकाला वाचता येईल अशी रचना त्यांनी केली. आज त्यात चार लाखांहून अधिक योग आहेत. युरोपीय पेटंट कार्यालयाशी फेब्रुवारी २००९ मध्ये पहिला करार झाला आणि त्यानंतर अनेक देशांचे परीक्षक ते पाहू लागले. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात वनौषधींसाठी पूर्वी एकच उपगट होता. २००६ पासून त्याच्या जागी सुमारे दोनशे उपगटांचा स्वतंत्र विभाग आला, त्यामागेही या कामाची प्रेरणा होती. संहिता वाचता येणाऱ्या पदवीधराला पेटंटच्या क्षेत्रात काही किंमत आहे, हे प्रथम येथे सिद्ध झाले.

आता यंत्राकडे येऊ. पेटंट कार्यालयांत संगणकाचा उपयोग जुनाच आहे. युरोपीय कार्यालयाने २०१२ मध्ये यांत्रिक भाषांतराची सोय केली. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २०१६ मध्ये त्याची अधिक सुधारित आवृत्ती आणली. जपानी व चिनी पेटंटांचे भाषांतर करून उपजीविका करणाऱ्यांना ही झळ आधीच लागली होती. अमेरिकेच्या कार्यालयाने २०२२ मध्ये परीक्षकांच्या हाती असे साधन दिले की, अर्जाचा मजकूर टाकल्यावर त्याच्याशी मिळतीजुळती कागदपत्रे यंत्र स्वतः काढून देते. नेमका शब्द जुळण्याची गरज नाही, आशय जुळला तरी पुरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कार्यालयाने आणखी एक प्रायोगिक उपक्रम सुरू केला: परीक्षकाने अर्ज हाती घेण्यापूर्वीच यंत्राने शोधलेल्या जास्तीत जास्त दहा संदर्भांची यादी अर्जदाराला पाठवायची. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून सामान्य माणसालाही उपलब्ध झालेली संभाषणक्षम साधने दाव्यांचा पहिला मसुदा, परीक्षकाच्या आक्षेपाचे उत्तर, वर्णनाचा सारांश हे सर्व क्षणार्धात लिहून देतात.

तेव्हा आपल्या भगिनीचे निरीक्षण अचूक होते. जे काम 'हा शब्द कोठे आला आहे ते शोध' एवढ्यावर संपते, ते काम माणसाच्या हातून गेले आहे किंवा जाण्याच्या मार्गावर आहे. त्याविषयी खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही.

परंतु वनौषधींच्या बाबतीत शब्द सापडणे म्हणजे वस्तू सापडणे नव्हे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? प्रस्तुत लेखकाने एक प्रयोग करून पाहिला. अशाच एका साधनाला विचारले की, स्मृतिवर्धनासाठी शंखपुष्पीच्या वापराचे ग्रंथाधार द्या. उत्तर सुबक आले. आधार बरोबर होते. मेध्य द्रव्यांत शंखपुष्पीची थोरवी चरकसंहितेत आहेच. वनस्पतीचे शास्त्रीय नावही त्याने दिले, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, आणि भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार ते योग्यच आहे. परंतु केरळातील वैद्य शंखपुष्पी म्हणून गोकर्णी वापरतो, अन्यत्र विष्णुक्रांता वापरली जाते, बंगालकडे कॅन्स्कोरा घेतात. उद्या एखाद्या परदेशी अर्जदाराने गोकर्णीच्या अर्कावर दावा केला, तर चरकातील त्या वचनाने त्याची नवीनता बाधित होते काय? प्रश्न व्याकरणाचा नाही. कोणत्या प्रांतात, कोणत्या परंपरेत, कोणत्या काळापासून हे द्रव्य त्या नावाने दिले जात आहे, याचा तो प्रश्न आहे. रास्नेचे तर विचारूच नये. उत्तरेत प्लुचिया, दक्षिणेत कुलिंजन, अन्यत्र झाडावर वाढणारे व्हँडा. एकाच 'रास्नादि' नावाच्या काढ्यात तीन प्रांतांत तीन वनस्पती जातात. त्यातच अभावप्रतिनिधी द्रव्यांची आपली परंपरा. भावप्रकाशाने अमुक न मिळाल्यास तमुक घ्यावे असे सांगून ठेवले आहे. एका दृष्टीने हेही पूर्वज्ञानच आहे. यंत्र या सर्व नावांची सरमिसळ करते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यांतील एकच निवडून ठामपणे सांगते.

दुसऱ्या खेपेस त्याच साधनाने एका योगासाठी अध्याय व श्लोकक्रमांकासह संदर्भ दिला. संहिता उघडून पाहिली, तर त्या ठिकाणी भलताच विषय. असा श्लोक अस्तित्वातच नव्हता. हा दोष केवळ संस्कृतापुरता नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे न्यायनिर्णय खरे म्हणून सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड भरावा लागला. तेथे न्यायाधीशाने निर्णय शोधले आणि ते सापडले नाहीत, म्हणून चोरी पकडली गेली. संहितेतील खोटा संदर्भ पकडण्यासाठी संहिता वाचणारा कोणीतरी टेबलाच्या पलीकडे असावा लागतो. म्युनिकच्या परीक्षकाकडून ती अपेक्षा कशी करावी?

टीकेडीएलमुळे हा प्रश्न आपोआप सुटेल अशी काहींची समजूत आहे. तेथे एक अडचण आहे. तो संग्रह गुप्ततेच्या करारान्वये पेटंट कार्यालयांसाठी होता. सर्वांसाठी खुले होते ते सुमारे बाराशे प्रातिनिधिक योग. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो टप्प्याटप्प्याने इतर वापरकर्त्यांना सशुल्क खुला करण्यास मान्यता दिली. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या साधनांनी या संग्रहाचा अभ्यास केलेला आहे, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय त्याचे मूळ ग्रंथ प्रामुख्याने संस्कृत, हिंदी, अरबी, फारसी, उर्दू व तमिळ भाषांतील आहेत. कोकणात आणि घाटावर वैद्यघराण्यांत मोडी लिपीतील बाडे कापडात गुंडाळून ठेवलेली आहेत; त्यांतील कितीतरी अनुभविक योग कोणत्याही संगणकाने पाहिलेले नाहीत. मोडी वाचणारे वैद्य आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, ही खंत येथे नोंदवून पुढे जातो.

चरकाचार्यांनी परीक्षेची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. यंत्राला आप्तांचे वचन, खरे असो वा कल्पित, तोंडपाठ आहे. अनुमानाचा एक प्रकारही त्याला जमतो. प्रत्यक्ष मात्र त्याच्याजवळ नाही. मूळ हातात घेऊन मोडून, चावून, वास घेऊन 'ही ती नव्हे' असे ते म्हणू शकत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण भविष्यातील नोकऱ्या तेथे दडलेल्या आहेत. पेटंट अधिनियमाचे कलम ३(पी) सांगते की, जो शोध वस्तुतः पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणधर्मांची बेरीज वा पुनरावृत्ती आहे, तो शोधच नव्हे. कलम ३(ई) नुसार घटकांचे नुसते मिश्रणही पेटंटपात्र नाही. एकत्र आल्याने काही अधिक घडते हे दाखवावे लागते. सर्वांत महत्त्वाचे ते कलम २५. अर्ज प्रकाशित झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही व्यक्ती त्यास हरकत घेऊ शकते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्ती हरकत घेऊ शकते. हरकतीच्या कारणांत असे स्पष्ट नमूद आहे की, भारतातील वा अन्यत्रच्या एखाद्या स्थानिक समाजात मौखिक अथवा अन्य स्वरूपात उपलब्ध असलेले ज्ञानही पुरावा ठरू शकते. मौखिक! लिहिलेले नाही, छापलेले नाही, संगणकात तर नाहीच. हे ज्ञान कोणीतरी जाऊन ऐकावे लागते, प्रतिज्ञापत्रावर उतरवावे लागते, नमुना ओळखावा लागतो आणि सुनावणीत उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. म्युनिकमधील त्या पुणेकर साक्षीदाराचे काम भारतीय कायद्याने असे कलमात घालून ठेवले आहे.

यंत्रामुळे अशा कामाची गरज वाढेल असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. मसुदा लिहिणे स्वस्त झाले की अर्ज वाढणार. शंभर वनस्पतींच्या यादीतून हजार मिश्रणे कल्पून प्रत्येकाचा मसुदा लिहवून घेणे आता कोणालाही शक्य आहे. शोधक म्हणून यंत्राचे नाव लावता येत नाही, हे अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने २०२२ मध्ये आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले; परंतु अर्जावर माणसाचे नाव लावण्यास कितीसा वेळ लागतो? दावे वाढले म्हणजे ते चाळून हरकत घेणारेही वाढले पाहिजेत. मे २०२४ मध्ये जीनिव्हा येथे जनुकीय साधने व पारंपरिक ज्ञान यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारण्यात आला. त्यात अर्जदाराने उगमस्थान उघड करावे असे तत्त्व आहे. आपल्या कायद्यात जैविक द्रव्याचा स्रोत व भौगोलिक उगम सांगण्याचे बंधन आधीपासूनच आहे. अर्जात लिहिलेला उगम खरा की खोटा, हे सांगणारा माणूस औषधीबाजार जाणणारा असावा लागेल.

परंतु येथेच एक गंभीर अडचण उभी राहते. ज्या भगिनीने प्रश्न विचारला, ती आज हे काम करू शकते याचे कारण तिने दीड वर्ष रोज आठ तास कंटाळवाणे शोध घेतले. दावा कसा वाचावा, कोठला शब्द मुद्दाम संदिग्ध ठेवला आहे, परीक्षक काय पाहतो, हे तिला त्या रटाळ कामातून उमगले. आता ते काम यंत्र करणार असेल, तर पुढच्या पिढीचा अनुभवी माणूस घडणार कोठे? फार्मसीमालकांना हा प्रश्न नवा वाटू नये. आपल्याकडे खलाच्या जागी एंड रनर आला, तेव्हा भावना देण्याचे श्रम वाचले. पण भावना पुरी झाली की नाही, हे बोटांच्या चिमटीत ओळखणारे कामगार तेच होते ज्यांनी पूर्वी हाताने खल चालवला होता. ते निवृत्त झाले आणि नंतरचे कामगार घड्याळाकडे पाहून यंत्र बंद करू लागले. पेटंट कार्यालये चालवणाऱ्यांनी नवी भरती थांबवून आज वेतन वाचवले, तर दहा वर्षांनी यंत्राची चूक दाखवणारा त्यांच्याकडे कोणी नसेल. शिकाऊ उमेदवाराला यंत्राच्या शेजारी बसवून, यंत्राने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात पडताळण्याचे काम त्याला दिले पाहिजे. खर्चाचे आहे, मान्य. पण ज्याच्या सहीने अहवाल जातो, चुकीची जबाबदारीही त्याच्याच शिरावर असते.

आता थोडे फार्मसीमालकांसाठी. काही मालकांनी प्रस्तुत लेखकाला उत्साहाने सांगितले की, आता एजंटाची गरज नाही, संगणकच अर्ज लिहून देतो. नोंदणीकृत लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क रुपये १६०० आणि तपासणीच्या विनंतीचे रुपये ४००० आहे, तेव्हा एजंटाचे शुल्क डोळ्यांवर येते हे खरे. तरी दोन गोष्टींचा विचार व्हावा. एक म्हणजे, अर्ज दाखल होण्यापूर्वी आपला कल्प, मात्रा आणि प्रक्रिया एखाद्या परक्या साधनात टाकणे म्हणजे आपल्या कोठीघराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. सेवेच्या अटी वाचल्याशिवाय असे कदापि करू नये. दुसरी गोष्ट, यंत्र दावा सुंदर लिहील; परंतु सात द्रव्यांच्या मिश्रणातून एकेकट्या द्रव्यापेक्षा अधिक काही घडते, याचा पुरावा ते निर्माण करू शकत नाही. तो प्रयोगशाळेतून आणि रुग्णांच्या नोंदींतूनच यावा लागतो. त्याविना अर्ज कलम ३ च्या उंबरठ्यावरच अडखळतो. तपासणीची विनंती करण्याची मुदत मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने अठ्ठेचाळीस महिन्यांवरून एकतीस महिन्यांवर आली आहे, हेही ध्यानात असावे. मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असे मानले जाते. जैवविविधता अधिनियमाच्या २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत वैद्यांना काही सवलती दिल्या आहेत. पण पेटंटच्या बाबतीत राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंध येतोच, आणि हा भाग जाणकाराकडूनच समजून घ्यावा.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांनी घराण्यातील योग गुप्त राखणे हाच त्यांच्या रक्षणाचा उपाय मानला. पेटंट कायद्याच्या दृष्टीने सर्वांपासून लपवलेला योग हे सार्वजनिक पूर्वज्ञान ठरत नाही. उद्या यंत्राच्या साहाय्याने कोणी स्वतंत्रपणे त्याच योगापाशी पोहोचला, तर 'आमच्या आजोबांच्या चोपडीत होते' एवढ्याने त्याला अडवणे कठीण जाईल. प्रसिद्ध करावे तर आपला हक्क जातो, लपवावे तर पुरावा जातो. यातून प्रत्येकाने आपला मार्ग आधीच ठरवावा. जे योग आपण खुलेपणे वापरतो, विकतो, शिष्यांना शिकवतो, त्यांच्या तारखेसह नोंदी, खरेदीची बिले, घान क्रमांकाची वही, वनस्पतीचे वाळवलेले नमुने व कोणी ओळखले त्याची सही, हे जपून ठेवण्यास मात्र काहीच खर्च नाही.

ज्या तरुण वैद्यांना या क्षेत्रात यायचे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. पेटंट एजंट होण्यासाठी अधिनियमाच्या कलम १२६ नुसार भारतीय नागरिकत्व, वयाची एकवीस वर्षे पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी किंवा शासनाने मान्य केलेली समकक्ष अर्हता, आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. परीक्षेत कायद्याचा एक व मसुदालेखनाचा एक असे दोन पेपर व तोंडी परीक्षा असते. आयुर्वेदाच्या पदवीधराने अर्जापूर्वी आपली अर्हता ग्राह्य आहे काय, याची पेटंट कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी. परीक्षा न देताही शोध-विश्लेषक किंवा तज्ज्ञ साक्षीदार म्हणून काम करता येते. केवळ इंग्रजी बरे आहे आणि संगणक चालवता येतो, एवढ्या भांडवलावर मात्र आता कोणी येऊ नये. त्या दोन्हींत यंत्र आपल्या पुढे आहे.

त्या भगिनीला प्रस्तुत लेखकाने हेच सविस्तर पत्राने कळवले. त्यांनी नोकरी सोडली नाही. शनिवारी त्या एका फार्मसीच्या कच्च्या मालाच्या कोठारात जातात आणि गाडीतून उतरणाऱ्या पोत्यांतून नमुने काढून नोंदवहीत चिकटवतात. गेल्या महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला. एका परदेशी अर्जावरील अहवालात यंत्राने रास्नेविषयी अकरा ग्रंथसंदर्भ काढून दिले होते. त्यांतील सात संदर्भ अर्जातील वनस्पतीचे नसून दुसऱ्याच रास्नेचे आहेत, आणि उरलेल्या चारांपैकी एकच दाव्याला खरोखर बाधा आणतो, असे त्यांनी अहवालात लिहिले. ते एक वाक्य लिहिण्यास त्यांना तीन दिवस लागले.